सर्वांत शेवटी बोलणारे हकीम

रमजान सुरू झाला की पहाटेच्या गावाशी नव्यानं ओळख होते. सहरीसाठी, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या जेवणासाठी, साडेतीन-चारला उठावं आणि खिडकी उघडावी, तर आपल्याआधी जागे असलेले कितीतरी जण दिसतात. दुधाचे कॅन टेम्पोत चढवणारे, एसटी स्थानकावरचा चहावाला, पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं. आणि एक इमारत अशी असते, जिथले दिवे रात्रभर विझलेलेच नसतात. ती म्हणजे दवाखाना.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रमजानमध्ये अम्मीला घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात आठ दिवस काढले. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला यायचे. त्यांच्या मागे पाच-सहा तरुण डॉक्टर, त्यांच्याही मागे फाईल धरलेली सिस्टर. मोठे डॉक्टर बोलायचे, बाकीचे लिहून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे मी खजूर आणि पाण्यावर सहरी उरकत होतो. रात्रपाळीची सिस्टर अम्मीच्या पायांकडे बघत उभी राहिली. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून पायांवर सूज वाढते आहे, असं तिला दोन दिवसांपासून वाटत होतं. मग राऊंडला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती कसनुसं हसली. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची तिथं रीत नव्हती. सकाळी मीच धीर करून डॉक्टरांना सूज दाखवली. गोळी बदलली, सूज उतरली, अम्मी घरी आली. पण ते कसनुसं हसणं काही डोक्यातून गेलं नाही.

दवाखाना चालतो तो एकट्या मोठ्या डॉक्टरवर नाही. मात्र त्या मोठ्या डॉक्टरच्या वागण्यावर बाकीचे डोळे उघडे ठेवतात की तोंड मिटून घेतात, हे ठरतं. ही गोष्ट अकराशे वर्षांपूर्वी एका माणसानं ओळखली होती आणि आपल्या दवाखान्यात रोज पाळून दाखवली होती. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे. अबू बकर मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी. आपल्याकडचे युनानी हकीम त्यांना जकरिया राझी म्हणतात. युरोपनं त्यांचं नाव 'ऱ्हाझेस' केलं आणि काही शतकं त्यांचीच पुस्तकं वाचून तिथले वैद्य तयार झाले.

उशिरा शिकायला बसलेला माणूस

आजच्या तेहरान शहराच्या दक्षिणेला 'रय' नावाचं जुनं शहर होतं. व्यापारी काफिल्यांच्या मोठ्या रस्त्यावरचं, गजबजलेलं. आपल्याकडे सातारचा तो सातारकर, तसा रयचा तो राझी. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारे अल-बिरुनी आपल्याला ठाऊक आहेत. त्याच बिरुनींनी राझींच्या पुस्तकांची एक यादी तयार केली आणि तिच्यात त्यांच्या आयुष्याच्या तारखाही नोंदवल्या. त्यानुसार राझींचा जन्म हिजरी सन २५१ मधला, शाबान महिन्याच्या पहिल्या तारखेचा. इसवी सन ८६५. शाबान म्हणजे रमजानच्या लगेच आधीचा महिना.

तरुणपणी ते वैद्य नव्हते. ऊद हे तंतुवाद्य ते वाजवत, गात, असं जुने चरित्रकार सांगतात. कुणी म्हणतं, ते सराफी करत, नाणी पारखून बदलून देत. किमयेचा, म्हणजे धातू आणि क्षार तापवून-आटवून पाहण्याचा नाद तर त्यांना होताच. त्या भट्ट्यांच्या धुरानं आणि वाफांनी त्यांचे डोळे आधीच नाजूक झाले होते, असंही म्हणतात. वैद्यक शिकायला ते बसले ते तिशी उलटल्यावर.

याची एक कथा सांगितली जाते. राझी बगदादला आले असता सहज तिथला दवाखाना बघायला गेले. तिथं त्यांची गाठ पडली औषधं कुटणाऱ्या, चाळणाऱ्या एका म्हाताऱ्या अत्ताराशी, आजच्या भाषेत फार्मासिस्टशी. कोणतं औषध कुठून येतं, त्याचा गुण पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आला, असं राझी विचारत गेले आणि म्हातारा सांगत गेला. पुढं ते पुन्हा पुन्हा तिथं जाऊ लागले आणि त्यातून वैद्यकाची ओढ लागली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, राझींच्या पुढच्या वागण्याशी ती जुळते. दवाखान्यातला त्यांचा पहिला गुरू गादीवर बसलेला हकीम नव्हता, खलबत्त्याशी बसलेला माणूस होता.

बीमारांचं घर

त्या काळी दवाखान्याला 'बीमारिस्तान' म्हणत. शब्द फारसी. बीमार म्हणजे आजारी, आणि स्तान म्हणजे ठिकाण. बगदादमधले बीमारिस्तान खलिफाच्या खजिन्यातून आणि वक्फच्या उत्पन्नातून चालत. एखाद्यानं आपलं दुकान, बाग किंवा जमीन अल्लाहच्या नावानं कायमची काढून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून रोग्यांचं अन्न, औषध, अंथरूण आणि नोकरांचे पगार भागवायचे, अशी ती व्यवस्था. रमजानमध्ये आपण जकात आणि सदका देतो त्यामागचा विचारच इथं कायमच्या रूपात उभा होता.

या दवाखान्यांत काम करणारी माणसं एका धर्माची नव्हती. जुंदीशापूरच्या परंपरेतले ख्रिस्ती वैद्य तिथं होते, ज्यू होते, हर्रान गावचे नक्षत्रपूजक साबी होते, मुसलमान होते. राझींच्या जन्माआधीच, हारून रशीद यांच्या काळात, बरमकी वजिरांनी हिंदुस्थानातून वैद्य बोलावले होते. मनका आणि इब्न धन अशी त्यांची नावं अरबी ग्रंथांत आली आहेत. सुश्रुताचा ग्रंथ मनका यांनी समजावून अरबीत आणला आणि बरमक्यांच्या दवाखान्यात तो हाताशी ठेवण्याचं पुस्तक म्हणून वापरला गेला. इब्न धन तर त्या दवाखान्याचे प्रमुखच होते. म्हणजे बगदादच्या एका दवाखान्याची सूत्रं एका हिंदी वैद्याच्या हाती होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

राझी आधी आपल्या गावी, रयच्या बीमारिस्तानचे प्रमुख झाले. तिथले सामानी सुभेदार मन्सूर इब्न इसहाक यांच्यासाठी त्यांनी दहा भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. तो 'मन्सुरी' म्हणून प्रसिद्ध आहे. साधारण ९०३ सालची ही गोष्ट. त्याच सुमारास, खलिफा मुक्तफी यांच्या कारकिर्दीत, ते बगदादच्या दवाखान्याचे प्रमुख झाले. पुढं रय आणि बगदाद अशा त्यांच्या फेऱ्या होत राहिल्या.

बगदादचा दवाखाना कुठं बांधावा हे ठरवताना राझींनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगायला सांगितले आणि जिथं मांस सर्वांत उशिरा सडलं ती जागा निवडली, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. ती सांगितली जाते अझुदौला यांच्या प्रसिद्ध दवाखान्याबद्दल. पण तो दवाखाना उघडला ९८१ साली, राझींच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर. तेराव्या शतकातले वैद्यचरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनीही ही शंका नोंदवून ठेवली आहे. तेव्हा गोष्ट गोड असली तरी बाजूला ठेवू. राझींची थोरवी सांगायला दुसऱ्या बऱ्याच खऱ्या गोष्टी आहेत.

आधी शिष्य, मग गुरू

त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट दहाव्या शतकातले बगदादचे पुस्तकविक्रेते इब्न नदीम यांनी लिहून ठेवली आहे. राझींना प्रत्यक्ष पाहिलेल्या रयच्या एका वृद्ध माणसानं ती सांगितली होती. भल्यामोठ्या डोक्याचे, वयस्कर राझी बैठकीत बसलेले असत. त्यांच्या पुढं त्यांचे शिष्य, शिष्यांच्या पुढं त्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पुढं आणखी नवखे विद्यार्थी. रोगी दारातून आत आला की त्याची पहिली गाठ पडे ती सर्वांत नवख्या मुलांशी. रोगी त्यांना आपलं दुखणं सांगे. त्यांना उमगलं तर ठीक, नाहीतर रोगी पुढच्या रांगेकडं जाई. त्यांनी अचूक सांगितलं तर काम झालं. त्यांनाही जमलं नाही, तरच राझी बोलत.

आपल्याकडच्या राऊंडचं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि या बैठकीशी ताडून बघा. मोठा माणूस आधी बोलला की लहान माणसाचं मत तिथंच संपतं. त्याला वेगळं काही दिसलेलं असलं तरी तो गप्प बसतो. कधी भीतीनं, कधी आदरानं, आणि बऱ्याचदा आपलंच चुकत असेल असं वाटून. राझींच्या बैठकीत हे होऊच शकत नव्हतं, कारण मोठ्याचं मत अजून कुणाला ठाऊकच नसे. नवख्या मुलाला डोकं चालवावंच लागे. मधल्या रांगेतल्याला खालच्याचं ऐकून मग आपलं सांगावं लागे. आणि रोगी राझींपर्यंत पोचेतो त्याचं दुखणं दोन-तीनदा, वेगवेगळ्या कानांनी ऐकलं गेलेलं असे.

यात रोग्याचं नुकसान होतं असं वाटेल. नवशिक्यांच्या हाती रोगी कशाला द्यायचा? पण शेवटचा शब्द आणि जबाबदारी राझींचीच होती. ते त्याच खोलीत बसून सगळं ऐकत होते. शिष्याला संधी देणं आणि रोग्याला वाऱ्यावर सोडणं यातला फरक त्यांना नीट कळत होता. आणि जिथं साध्या दुखण्यासाठी मोठ्या हकिमापर्यंत जावं लागत नाही, तिथं मोठ्या हकिमाला अवघड दुखण्यासाठी वेळ उरतो, हा त्यातला व्यवहारही होता.

स्वतःची चूक, स्वतःच्या हातानं

नुसतं शेवटी बोलून भागत नाही. शेवटी बोलणाराही चुकतो. तेव्हा तो काय करतो, यावर हाताखालची माणसं त्याला जोखतात.

राझी रोग्यांच्या नोंदी ठेवत. कोण आला, काय तक्रार होती, आपण काय समजलो, काय दिलं, पुढं काय झालं. त्यांच्या शिष्यांनी संकलित केलेल्या 'किताबुत् तजारिब' या पुस्तकात अशा जवळपास नऊशे रोग्यांच्या हकिकती आहेत. त्यांच्या दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथातही काही सविस्तर हकिकती आल्या आहेत. त्यातली एक अब्दुल्लाह इब्न सवादा या रोग्याची.

त्याला ताप येई, पण त्याचा काही नेम नव्हता. कधी रोज, कधी एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, कधी सहा दिवसांनी. आधी थोडी थंडी वाजे. लघवीलाही वारंवार जावं लागे. राझींनी दोन शक्यता धरल्या. एकतर हा ताप पुढं दोन दिवसांआड येणाऱ्या हिवतापाचं रूप घेईल, नाहीतर मूत्रपिंडात गळू असेल. ठाम मत मात्र त्यांनी दिलं नाही. थोड्याच दिवसांत रोग्याच्या लघवीतून पू गेला आणि गळूचं निदान पक्कं झालं. आता हा ताप परत येणार नाही, असं राझींनी त्याला सांगितलं आणि तसंच झालं. पुढं लघवी साफ करणारी औषधं, मग जखम भरणारी औषधं देऊन साधारण दोन महिन्यांत त्यांनी त्याला बरं केलं.

हकिकत इथं संपवता आली असती. रोगी बरा झाला होता, नाव झालं होतं. पण राझींनी पुढं लिहिलं की निदानाला उशीर का झाला. या माणसाला पूर्वीही असे ताप येऊन गेले होते, त्यामुळं आपलं लक्ष तिकडंच राहिलं. उभं राहिल्यावर कमरेत काही जड लोंबतंय असं वाटतं का, हे त्यानं सांगितलं नाही आणि आपणही विचारायचं विसरलो. लघवीला वारंवार जावं लागतं यावरूनच आपला संशय बळावायला हवा होता. त्याच्या वडिलांनाही मूत्राशयाचा त्रास होता, हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

एका नामांकित हकिमानं, ज्याच्या एका शब्दावर शहर विश्वास ठेवत होतं, आपण एक साधा प्रश्न विचारायला विसरलो हे शाईनं लिहून ठेवलं. ते वाचणार होते शिष्य. विचार करा, त्या शिष्यांवर याचा काय परिणाम झाला असेल! जिथं गुरूच आपली चूक लिहितो, तिथं शिष्याला आपली चूक लपवण्याचं कारण उरत नाही. आणि दवाखान्यात लपवलेली चूक रोग्याला भोवते.

नावानिशी मत

ज्या मोठ्या ग्रंथाचा उल्लेख वर आला तो म्हणजे 'अल-हावी', सर्वसंग्राहक असा त्याचा अर्थ. खरं तर हे त्यांचे आयुष्यभराचे टिपणांचे कागद. एकेक रोग घ्यायचा आणि त्यावर कोण काय म्हणतं ते नावानिशी उतरून काढायचं. ग्रीकांचे हिप्पोक्रेटिस आणि गॅलेन, सीरियाई ख्रिस्ती वैद्य, अरबी वैद्य, आणि आपले चरक-सुश्रुतही. अरबी लिपीतून चरक तिथं 'शरक' होऊन येतात, पण येतात मानानं. सगळ्यांचं म्हणून झालं की शेवटी राझी एक छोटा अरबी शब्द लिहितात, 'ली'. म्हणजे माझं. त्यापुढं त्यांचा स्वतःचा अनुभव.

दवाखान्यात आणि कागदावर त्यांची पद्धत एकच होती, हे ध्यानात घ्या. आधी सगळ्यांना बोलू द्यायचं, ज्याचं मत त्याच्या नावावर ठेवायचं आणि आपलं शेवटी सांगायचं.

आपलं मत तपासून बघायचीही त्यांना सवय होती. 'सिरसाम' म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन होणारा भ्रमाचा ताप. त्याची पूर्वचिन्हं दिसणाऱ्या रोग्यांचं रक्त काढावं की नाही, असा प्रश्न होता. राझींनी काही रोग्यांचं रक्त काढलं, काहींचं मुद्दाम काढलं नाही आणि दोन्ही गटांचं काय होतं ते पाहिलं. रक्त काढण्याच्या बाजूनं त्यांनी काढलेला निष्कर्ष आजच्या वैद्यकाला मान्य नाही, आणि त्यांची पद्धतही आजच्या कसोटीला पुरी उतरणार नाही. पण मोठ्या ग्रंथात लिहिलंय एवढ्यावर न थांबता दोन गट शेजारी ठेवून बघायला हवं, हे त्यांना अकराशे वर्षांपूर्वी सुचलं.

देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे लक्षणं समोरासमोर मांडून पहिल्यांदा स्पष्टपणे सांगणारं पुस्तक त्यांचंच. देवी येण्याआधी पाठ जास्त दुखते, नाक खाजतं, झोपेत मूल दचकतं. गोवरात मळमळ आणि घाबरेपणा जास्त, पाठदुखी कमी. घरात आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढल्याशिवाय अशा खुणा हाती लागत नाहीत. हे पुस्तक पुढं लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपात अनेकदा छापलं गेलं.

गॅलेन हे तर त्या काळच्या वैद्यांचं दैवतच. राझींनी गॅलेनबद्दलच्या शंकांचं एक वेगळं पुस्तक लिहिलं. सुरुवातीला त्यांचे उपकार मानले, त्यांच्यावर आक्षेप घेणं आपल्या जिवावर येतं हेही सांगितलं आणि मग एकेक शंका मांडली. ज्यांना आपण गुरू मानतो त्यांच्याशीही आदरानं असहमत होता येतं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. मग आपल्याशी असहमत होणाऱ्या शिष्यावर ते कशाला रागावतील?

दाराशी आलेला गरीब

राझींचा एक शिष्य एका राजाचा खासगी वैद्य म्हणून निघाला तेव्हा त्यांनी त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. वैद्यानं कसं वागावं याचं ते पत्र. रोग्याचं गुपित पोटात ठेवावं. घराघरांत शिरायला मिळतं म्हणून नजर वाकडी करू नये. गर्व करू नये. गरिबावर श्रीमंतासारखेच उपचार करावेत. रोग्याला धीर द्यावा, कारण शरीर मनाच्या मागून चालतं. दरबारात निघालेल्या शिष्याला गरिबाची आठवण करून देणारं हे पत्र आजही वैद्यकाच्या इतिहासात वाचलं जातं.

ते स्वतः तसेच वागत. इब्न नदीम यांच्या त्या वृद्ध साक्षीदारानं सांगितलंय की राझी उदार होते, रोग्यांशी मायेनं वागत, गरिबांना खर्चाला पैसे देत आणि त्यांची शुश्रूषाही करत. ज्याच्या आसपास वैद्य नाही अशा माणसासाठी त्यांनी एक वेगळं पुस्तक लिहिलं. घरात, बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय करता येईल, ते त्यात सांगितलं. अडाणी वैदू आणि घरातल्या बायाबापड्यांना कधीकधी शिकलेल्या वैद्यापेक्षा चांगला गुण का येतो, यावरही त्यांनी लिहिलं. असा प्रश्न पडायला मोठं मन लागतं.

राझी कुणी संत किंवा वली नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचे तत्त्वज्ञानातले विचार अनेक मुसलमान विद्वानांना पटले नाहीत. प्रेषितत्वाविषयीच्या त्यांच्या मतांवर त्यांच्याच गावचे अबू हातिम राझी यांनी कडक टीका केली. ही मतं आज मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातूनच कळतात. माझ्यासारख्या श्रद्धावान वाचकाला त्यातलं बरंच पटणारं नाही. पण ज्यांनी त्यांच्या विचारांना विरोध केला त्या समाजानंच त्यांची औषधं घेतली, त्यांचे ग्रंथ जपले, शिकवले. खुद्द बिरुनींना त्यांची काही मतं मान्य नव्हती, तरी त्यांच्या १८४ पुस्तकांची यादी बिरुनींनीच केली. मतभेद असलेल्या माणसाचं काम जपून ठेवणं ही त्या काळची सवय आज आपल्याला घेण्यासारखी आहे.

डोळे मिटल्यावर

राझींना कधीही भेटायला जा, ते लिहीतच असत. रात्री वाचताना दिवा भिंतीच्या कोनाड्यात ठेवून पुस्तक भिंतीला टेकवून धरत. डुलकी लागली तर हातातून पुस्तक पडून जाग यावी, एवढ्यासाठी. एका मोठ्या ग्रंथावर आपण पंधरा वर्षं रात्रंदिवस काम केलं, त्यात डोळे अधू झाले आणि हाताचे स्नायू गेले, तरी अजून दुसऱ्याकडून वाचून आणि लिहून घेतो, असं त्यांनीच एके ठिकाणी सांगितलं आहे.

शेवटी दृष्टी पूर्ण गेली. तबरिस्तानातून त्यांचा एक शिष्य डोळ्यांवर उपचार करायला आला, असं बिरुनी सांगतात. राझींनी त्याच्याकडून उपचाराची सगळी रीत समजून घेतली. त्याचं कौतुक केलं, आभार मानले, पैसेही दिले. पण आता आयुष्य थोडंच उरलंय, त्यासाठी एवढं दुखणं सोसण्यात अर्थ नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं. आंधळा झालेला गुरू शेवटीही शिष्याचं आधी ऐकून घेत होता.

हिजरी ३१३ मध्ये, शाबानच्या पाचव्या तारखेला, म्हणजे इसवी सन ९२५ मध्ये रय इथंच त्यांचा इंतकाल झाला. चांद्र वर्षांनी बासष्ट वर्षं आणि पाच दिवस, असा हिशेब बिरुनींनी मांडला आहे. रमजानचा चंद्र दिसायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

'अल-हावी'चे कागद तसेच पडून होते. पुढं रयचे वजीर इब्न अमीद यांनी राझींच्या बहिणीकडून ते कागद चांगली रक्कम देऊन मिळवले आणि राझींच्या शिष्यांना एकत्र बसवून त्यांचा ग्रंथ करून घेतला. ज्यांना गुरूनं आधी बोलायला शिकवलं होतं, त्यांनीच गुरूचं शेवटचं म्हणणं जगापुढं आणलं. इसवी सन १२७९ मध्ये सिसिलीच्या फरज बेन सालिम या ज्यू वैद्यानं तो ग्रंथ अंजूच्या चार्ल्स या ख्रिस्ती राजासाठी लॅटिनमध्ये नेला. १४८६ मध्ये तो इटलीतल्या ब्रेशिया इथं छापला गेला. ग्रीकांचं, सीरियाई ख्रिस्त्यांचं, हिंदुस्थानी वैद्यांचं ज्ञान एका मुसलमान हकिमानं गोळा केलं, एका ज्यूनं भाषांतरित केलं आणि ख्रिस्ती विद्यापीठांनी शिकवलं. आपल्या मालेगाव, पुणे, मुंबईच्या युनानी महाविद्यालयांतली मुलं आजही त्यांचं नाव घेतात. त्या मुलांना माहीत नसेल कदाचित, पण त्यांच्या अभ्यासाच्या मुळाशी असलेल्या या ग्रंथात थोडे चरक-सुश्रुतही बसलेले आहेत.

रोज्याचा अर्थ नुसता भूक आणि तहान आवरणं एवढा नाही, असं आपण दर रमजानला एकमेकांना सांगतो. जिभेचाही रोजा असतो. तो खोटं आणि चहाडी न बोलण्याचा असतो, हे तर खरंच. पण ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्या जिभेचा आणखी एक रोजा असतो. आपल्याला उत्तर येत असूनही थोडं थांबायचं, आणि खालच्या रांगेतल्या माणसाला आधी बोलू द्यायचं. घरातला कर्ता, शाळेचे मुख्याध्यापक, कचेरीतले साहेब, मशिदीचे आणि मंदिराचे विश्वस्त, सगळ्यांनाच तो धरता येतो. दवाखान्यात तर तो कुणाचा जीव वाचवू शकतो.

आज संध्याकाळी मगरिबची अजान होईल तेव्हा आपल्या गावच्या दवाखान्यात एखादी सिस्टर ड्युटी रूममध्ये उभ्या उभ्या खजूर तोंडात टाकेल, दोन घोट पाणी पिईल आणि पुन्हा वॉर्डात जाईल. तिच्या जागी तेवढी पाच मिनिटं तिची हिंदू किंवा ख्रिस्ती मैत्रीण उभी असेल. पलंगाशेजारी त्यांनी काय काय पाहिलंय ते त्यांनाच ठाऊक. उद्या सकाळी राऊंडला कुणीतरी मागं वळून, सगळ्यात आधी त्यांना विचारो, एवढीच या मुबारक महिन्यातली माझी दुआ आहे.